चंद्रभानने खोडलेली आठ गावं

तर नत्थूने त्या मशीनला लिंबू-मिरची बांधली, इथवर काल झालं होतं. आता पुढचं ऐका. सकाळी साडेदहाला चंद्रभान गजभिये यंत्रखोलीत शिरला, त्याने ती माळ पाहिली आणि शिपायाला हाक मारली.

"नत्थू, हे काय होय गा?"

"नजर लागू नये म्हनून जी. एवढी महागाची वस्तू."

"कलकत्त्यावरून जुनी आनली हे मशीन. लागायची ते नजर तिकडंच लागून चुकली. काढ."

नत्थूने माळ काढली आणि मिरच्या वाया कशाला घालवायच्या म्हणून भाजीला घरी नेल्या. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट बिघडलं, ते मशीनच्या नजरेने की मिरच्यांनी, यावर कचेरीत आठवडाभर वाद चालला. पण ती गोष्ट नत्थूची. आपली गोष्ट चंद्रभानची आहे, आणि ती इतकी हसण्यासारखी नाही.

संत्रा संघाची कचेरी रामदासपेठेत होती. काटोल-सावनेरकडच्या बागाईतदारांचा माल संघ घ्यायचा, वीस-बावीस केंद्रांवर बाया तो निवडायच्या, पेट्या भरल्या जायच्या आणि रेल्वेने दिल्ली-कलकत्त्याला रवाना व्हायच्या. कोणत्या केंद्राला किती पेट्या, किती डबे, निवडीला किती बाया, हे आधी कचेरीचे प्रमुख गिरिधर साहेब अंदाजपंचे ठरवत. त्र्याहत्तर साली संघाने भोकं पाडलेली कार्डं वाचणारी मशीन आणली आणि अंदाजपंचे बंद झालं. निदान सगळ्यांना तसं वाटलं.

कार्डावर नाव नसतं, बरं का. नुसती भोकं, आणि भोकं म्हणजे आकडे. तीन, सात, चौदा. आता तीन म्हणजे काय, सात म्हणजे काय, चौदा म्हणजे काय? ते कार्डाला ठाऊक नाही आणि मशीनलाही नाही. ते ठाऊक होतं एका जाडजूड वहीला, आणि त्या वहीचा धनी चंद्रभान.

नत्थूला त्याने हे समजावलं होतं. "तुह्या घरी तिखटाचा डबा हाये, हळदीचा हाये. आत काय हाये ते डबा सांगते का? वरची चिठ्ठी सांगते. ह्या कचेरीतल्या सगळ्या चिठ्ठ्या माह्या हातात."

"अन् चिठ्ठी चुकली तं?"

"तं चहात मीठ."

या वहीत नुसती यादी नव्हती, उतरंड होती. घरात मडक्यांची असते तशी. सगळ्यात वरचं बोळकं म्हणजे गाव. ते ज्या गाडग्यावर बसलं ते केंद्र, केंद्राखालचं मडकं म्हणजे तहसील, आणि तळाचा रांजण म्हणजे जिल्हा. गावाचे आकडे केंद्रात उतरायचे, केंद्राचे तहसिलीत, तहसिलींचे जिल्ह्यात. मशीन अहवाल द्यायची तो संत्र्यांचा. दर वर्षी चंद्रभान द्यायचा तो मात्र त्या आकड्यांच्या घरादाराचा: कोणता नंबर कोणाचा, तो कोणाच्या पोटात, कधीपासून आला, काढला असल्यास कधी, का आणि कोणाच्या हस्ते. याला कचेरीत 'उतरंड-अहवाल' म्हणत. साहेब त्याच्या पहिल्या पानावर सही करत आणि पुढची पानं कोणी उलटत नसे. तरी चंद्रभान तो असा लिहायचा, की जणू दारोदार वाचला जाणार आहे.

असं अक्षर त्याने कमावलं होतं सावनेरच्या शाळेत. घर सावनेर तहसिलीतल्या एका खेड्यात, वेशीबाहेरच्या वस्तीत. बाप लहानू गुरं राखायचा, आई भीमाबाई दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जायची. छप्पन साली सगळं घर पांढरे कपडे घालून नागपूरला आलं आणि बौद्ध होऊन परत गेलं, तेव्हा चंद्रभान बारा वर्षांचा होता. येताना पायी आला होता आणि जातानाही पायीच गेला, पण आई म्हणायची, जाताना पोराची चाल बदलली होती. पुढे तो मॅट्रिक झाला, नागपुरात इंदोऱ्याला खोली घेतली, सुभद्रेशी लग्न झालं आणि संघात लागला. कचेरीत त्याच्या समाजाचा तो पहिला कारकून. दुपारी डबे तीन ठिकाणी उघडायचे. तीन ठिकाणी का, हे कोणी कधी बोलून दाखवलं नाही. चंद्रभान आपला डबा यंत्रखोलीत उघडायचा आणि पाठ भिंतीला टेकून जेवायचा.

म्हणून त्याची वही निर्मळ असे. त्याला पक्कं ठाऊक होतं, की दुसऱ्याने चूक केली तर ती त्या एकट्याची होईल, आपण केली तर ती सगळ्या वस्तीची होईल.

आणि नेमकी निर्मळपणाच्या हौसेतच चूक झाली.

पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्याने वही ताडून पाहायला घेतली. गावांची सरकारी यादी समोर होती, त्यात प्रत्येक गावापुढे लोकसंख्या. काही गावांपुढे शून्य होतं आणि पुढे लिहिलेलं होतं 'रिठी'. आपल्या विदर्भातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. कधीकाळी पटकी आली, पाणी आटलं, नाहीतर वाघ बोकाळला, लोक उठून शेजारच्या गावी गेले. घरं पडली, नाव मात्र कागदावर राहिलं. ते गाव रिठी. जमीन तीच, विहिरी त्याच, बांध तेच, वहिवाट शेजारच्या गावातून. फक्त धूर निघत नाही.

चंद्रभानने विचार केला, जिथे माणूस नाही तिथे नंबर कशाला? वहीत भाकड ओळ नको. त्याने पट्टी ठेवली, लाल शाई घेतली आणि अकरा गावं सरळ रेघेने काढली. त्यातल्या तीन गावांत नुसतं सागाचं रान होतं, त्यांचं काही बिघडलं नाही. पण आठ गावं काटोल तहसिलीत धामणखेडी केंद्राच्या पोटातली, आणि त्या आठांत संत्र्यांच्या बागा उभ्या होत्या. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'वस्ती नाही'. हस्ते, चं. ल. गजभिये. साहेबांनी वही पाहिली आणि म्हणाले, "गजभिये, याला म्हणतात टापटीप." हे वाक्य त्याने त्या संध्याकाळी सुभद्रेला तीनदा ऐकवलं.

महिन्याभरात कार्डांना भोकं पाडणारी प्रेमिला दारात आली, हातात झाडगणतीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

"चंद्रभानजी, खैरगोंदीच्या चिठ्ठ्या येऊन राहिल्या. पिंपळदऱ्याच्या बी. वहीत तं नंबरच नाही त्यायचा."

तो घाईत होता. मान वर न करता म्हणाला, "नसन तं नव्व्याण्णव मार. 'इतर' मंधी जाईन."

नव्व्याण्णव म्हणजे 'इतर', आणि 'इतर' कोणत्याच केंद्राच्या पोटात नव्हतं. मशीनच्या अहवालात शेवटच्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरात ते पडून असायचं, गुरांच्या कोंडवाड्यासारखं. आता बघा कसं झालं. आठ गावांची झाडं 'इतर'मध्ये गेली. पण त्याच झाडांची फळं धामणखेडीच्या केंद्रावर उतरायची, आणि केंद्रावरच्या पेट्यांना केंद्राचाच नंबर. म्हणजे झाडं उतरंडीबाहेर सांडली आणि फळं तेवढी आत राहिली. त्या वर्षीचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्यात उतरणारा माल, संपला आणि मशीनने सांगितलं, की धामणखेडीच्या झाडांना जितकी फळं लागूच शकत नाहीत तितकी त्या केंद्राने पाठवली आहेत.

गिरिधर साहेब हुशार माणूस. त्यांनी एकच अर्थ काढला. केंद्रप्रमुख बाहेरच्या व्यापाऱ्यांचा माल सभासदांच्या नावावर घुसवतो आणि रेल्वेचे डबे त्यांना मिळवून देतो.

धामणखेडीचा केंद्रप्रमुख होता देवाजी ढोके. पंचावन्नचा, मिशा पिकलेला, संत्रं हातात घेऊन आत किती फोडी आहेत ते सांगणारा. दहापैकी सात वेळा चुकायचा, पण सांगायचा मात्र छातीठोक. बावीस वर्षं त्याने केंद्र सांभाळलं होतं. त्याला नागपुरात बोलावलं, अहवाल समोर ठेवला. त्यात गावांची नावं नव्हती, नुसत्या केंद्राच्या बेरजा. त्याने चष्मा पुसून दोनदा वाचला आणि म्हणाला, "साहेब, मी तं कोन्या व्यापाऱ्याचा माल घेतला नाही."

"मग ही फळं आभाळातून पडली?"

देवाजीने अहवाल परत टेबलावर ठेवला. त्याला केंद्रावरून काढून कचेरीच्या मागच्या पडवीत बसवलं, रिकाम्या पेट्या मोजायला. धामणखेडीत बातमी त्याच्या आधी पोचली. निवडीच्या बाया, ज्या त्याला दाजी म्हणायच्या, त्या बाजारात त्याला पाहून पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्याने बाजाराला जाणं सोडलं. शनिवारी घरी जायचा तो शेवटच्या एसटीने, म्हणजे स्टँडवर ओळखीचं कोणी भेटायला नको.

ती पडवी यंत्रखोलीला लागून होती. पहिल्याच दुपारी देवाजी आपला डबा घेऊन चंद्रभानच्या दारात उभा राहिला.

"बसू का गा इथं?"

चंद्रभानने घाईघाईने स्टूल पुसलं. कुणबी माणूस, बापाच्या वयाचा, आपल्याकडे जेवायला येतो, हे त्याला नवीन होतं. देवाजीने स्टूल बाजूला सारलं आणि खाली मांडी घातली. "चोरासंग जेवायले कोनी तयार नाही बाप्पा. तुले चालन का?"

"काका, काहीतरीच काय बोलता."

त्या दिवसापासून दोघांचा डबा एकत्र. देवाजी वांग्याची भाजी वाढायचा, सुभद्रेच्या हातच्या चटणीची तारीफ करायचा, आणि जेवण झालं की एकच विषय काढायचा.

"चंद्रभान, मशीन खोटं बोलत नसन ना?"

"नाही काका. तिले जे देतो ते मोजते."

"मंग माह्याच हातून कोठीतरी झालं असन. रात्री पेट्या उतरल्या असतीन, मले पत्ता नसन. बावीस वर्षांत मानूस सुस्त होते. तू एखांद्या दिवशी माह्या केंद्राचे कागद पाहून सांगजो बरं, मी कोठी चुकलो ते."

पाहतो, असं चंद्रभान म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं, की म्हातारा कुठेतरी फसला आहे.

मग शहात्तरच्या जून महिन्यात उतरंड-अहवाल लिहायची वेळ आली. एकेक केंद्र घेत चंद्रभान धामणखेडीवर आला. 'पूर्वी गावे सतरा. सध्या नऊ. काढलेली आठ. कारण: वस्ती नाही. हस्ते: चं. ल. गजभिये.' टाक तिथेच थांबला. शाईचा थेंब पडला, आणि त्याच्या अहवालावर थेंब पडल्याचं प्रेमिलाने पहिल्यांदाच पाहिलं.

"काय झालं जी?"

"काही नाही. निब खराब हाये."

पुढच्या रविवारी त्याने काटोलची एसटी पकडली आणि पुढे चार मैल पायी खैरगोंदी गाठली. गाव नव्हतंच. चिंचेखाली शेंदूर फासलेला एक दगड, एक बांधीव विहीर, पडक्या भिंतींच्या ओळी. आणि त्या भिंतींच्या पलीकडून टेकडीच्या पायथ्यापर्यंत संत्र्यांची झाडं, फांद्यांवर लिंबाएवढी हिरवी फळं, गच्च. धुऱ्यावर, बागेच्या बांधावर, एक बाई वानरं हाकलत होती. पार्वतीबाई तिचं नाव.

"कोन होय गा तू? पटवारी का?"

"नाही बाई. हे गाव कोनाचं?"

"गाव कायचं? गाव मेलं, माह्या आजेसासऱ्याच्या वक्ताले. झाडं हायेत. मानसं गेले तं झाडं काय उठून जातेत?" आणि हसून म्हणाली, "पानी पेतं का?"

तिने विहिरीचं पाणी दिलं, ते तो प्यायला. मग तिने आधीच्या, मृग बहाराचं झाडावर राहून गेलेलं एक सुकलं संत्रं त्याच्या हातावर ठेवलं. ते काही त्याला खाता आलं नाही.

परतीच्या एसटीत त्याला बाप आठवला. चंद्रभान सात वर्षांचा असेल, गावात कसल्याशा गणतीचा माणूस आला होता. पाटलाच्या ओट्यावर बसून पाटलाने सांगितलं ते त्याने लिहून घेतलं आणि वेशीबाहेरच्या वस्तीकडे न फिरकता निघाला. लहानू त्याच्या मागे अर्धा कोस धावला. "मास्तर, आमी राह्यलो! आमाले बी लिवा! आमी बी मानसं होवो!" मास्तरने सायकलवर बसल्याबसल्याच, वही मांडीवर टेकवून, चाळीस घरांचा आकडा अंदाजाने टाकला. चंद्रभानने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्याच्या वस्तीला कोणी कागदावर घ्यायला तयार नव्हतं, त्याच्याच हाताने, पट्टी ठेवून, लाल शाईने आठ गावं खोडली होती. आणि भीमाबाई ज्या वावरांत निंदणाला जायची त्यांतलं एक रिठीचंच होतं. म्हणजे ठाऊक नव्हतं असं म्हणायचीही सोय नव्हती. त्याला एसटीत इतकी लाज वाटली, की शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडेही त्याने वळून पाहिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, सोमवारी जाऊन सांगून टाकलं असेल. नाही. इथेच तर खरी गोष्ट आहे.

त्या महिन्यात सुपरवायझरची जागा निघाली होती आणि साहेबांनी चंद्रभानचं नाव वर पाठवलं होतं. इंदोऱ्याच्या वस्तीत सुभद्रेने चार घरी सांगून ठेवलं होतं. चूक कबूल केली तर जागा जाईल, हे एक. पण कचेरीत काय बोलतील ते त्याच्या कानात आधीच वाजत होतं. 'ह्या लोकांना डोक्यावर बसवलं की असंच होणार.' मग त्याने आपल्या मनाशी एक तोड काढली. आठ गावं गुपचूप वहीत परत घालायची. आकडे आपोआप जुळतील, देवाजी आपोआप सुटेल, कोणाचंच नाव निघणार नाही.

त्याने वही पुन्हा नवी लिहिली. आठही गावं जागच्या जागी बसवली, आणि 'कधीपासून' या रकान्यात घातलं सन त्र्याहत्तर. म्हणजे ती कधी निघालीच नव्हती. खाडाखोडीची जुनी वही त्याने जाळायला घरी नेली. जाळवली नाही. जन्मभर कागद जपलेला हात, तो काडी ओढीना.

सुभद्रेने पेटी उघडली तर लुगड्यांच्या घडीखाली वही.

"हे काय आनलं जी कचेरीतून?"

"रद्दी होय."

"रद्दी लुगड्याखाली ठेवतेत?" ती म्हणाली. त्याने चपला घातल्या आणि उगाचच बाहेर जाऊन आला.

प्रेमिलाने नवी वही उघडली आणि हसली. "चंद्रभानजी, हे मेलेले गावं जित्ते झाले का?" त्याने कार्डांचा गठ्ठा पुढे ओढला. ती थट्टा करत होती, पण त्या दिवसापासून तिच्यासमोर त्याची मान खालीच राहिली.

आणि दुपारी देवाजी रोज डबा उघडायचा. "पाहिले का गा माहे कागद?" "पाहून राहिलो काका." असे सहा महिने. देवाजी वाळत चालला होता. आधी म्हणायचा, माह्या हातून झालं असन. मग म्हणायला लागला, झालंच. एकदा तर म्हणाला, "आता मले आठवते बाप्पा, त्या दिवाळीत एक ट्रक आल्ता रात्री. त्यातच काही असन." असा कोणताही ट्रक आला नव्हता. बिचारा स्वतःची चोरी स्वतःच रचून द्यायला निघाला होता. चंद्रभानने हातातला घास खाली ठेवला, आणि तिखट लागलं असेल म्हणून देवाजीने उठून त्याला पाणी दिलं.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत केंद्रप्रमुखांची बैठक भरली. वरच्या मजल्यावर सगळे बसलेले, चहा आलेला, दाराशी देवाजी पेट्यांचा आकडा द्यायला उभा. आंबिया बहाराचा नवा अहवाल साहेबांच्या हातात होता आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"हे पाहा धामणखेडी. झाडं आणि फळं, तंतोतंत. गेल्या वर्षी काय होतं आणि आज काय आहे? मी म्हटलं नव्हतं, माणूस हलवा, आकडा जाग्यावर येईल?"

सगळे वळून दाराकडे पाहायला लागले. सावनेरकडचे केंद्रप्रमुख चंपतराव, जिभेला हाड नसलेला माणूस, मोठ्याने म्हणाले, "काय देवाजी, तुमचे झाडं जास्तीचे फळं देनं विसरले वाटते गा!"

हशा पिकला. आणि देवाजीसुद्धा हसला. मान हलवून, कागद छातीशी धरून, "असन बाप्पा," म्हणाला.

कोपऱ्यात बसलेल्या चंद्रभानला तेव्हा उमगलं, आपण काय करून बसलो ते. म्हाताऱ्याला सोडवायला म्हणून त्याने आकडे जुळवले होते. जुळलेल्या आकड्यांनी म्हाताऱ्यावर कायमचा शिक्का मारला होता. आधी नुसता संशय होता, आता पुरावा झाला, आणि तो पुरावा चंद्रभानच्या सुंदर अक्षरातला.

तो उभा राहिला. "साहेब, मानूस हलवल्यानं नाही जुळलं. मी जुळवलं."

"बसा गजभिये. तुमचं काम नंतर."

"नाही जी. खैरगोंदी, पिंपळदरा, वाघबर्डी, मोहगव्हाण, जामठी, सालई, उमरझरी, तेलघाट." आठही नावं त्याने एका दमात घेतली. "हे आठ रिठी गावं मी वहीतून काढले होते. झाडं 'इतर'मंधी गेले, फळं केंद्रावर राह्यले. जूनमंधी ध्यानात आलं, तवा मीच गुपचूप परत टाकले. देवाजीकाकानं काही केलं नाही."

साहेब म्हणाले, "पुरावा?"

"जुनी वही घरी हाये."

"घरी? संघाची वही घरी?"

"हो जी. लपवली होती."

"आणा."

मग वीस केंद्रप्रमुख बसून राहिले आणि चंद्रभान रामदासपेठेतून सायकलने इंदोऱ्याला गेला आणि परत आला. पाऊण तास लागला. तेवढ्यात चहा थंड झाला, नत्थूने दुसरा करून आणला, तोही कोणी धड प्यायला नाही. सुभद्रेने पेटीतून वही काढून त्याच्या हातात दिली ती न विचारता. फक्त म्हणाली, "घाम पुसून जा." तो वही घेऊन जिना चढला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. साहेबांनी लाल रेघा पाहिल्या, 'वस्ती नाही' वाचलं, हस्ते वाचलं. मग मागल्या वर्षीच्या अहवालाचं शेवटचं पान आयुष्यात पहिल्यांदा उलटलं आणि तळाशी बारीक अक्षरातलं 'इतर' शोधून काढलं. तिथे ती सगळी झाडं होती.

चंपतराव पुटपुटले, "एका लाल रेघेपायी एवढं रामायन." त्यावर कोणी हसलं नाही.

साहेबांनी देवाजीची माफी मागितली नाही. त्या काळचे साहेब मागत नसत. पण तिथेच पत्र लिहवून घेतलं, देवाजी ढोके यांना धामणखेडी केंद्रावर पूर्ववत रुजू करावं. चंद्रभानची सुपरवायझरची जागा गेली ती सात वर्षं गेली, आणि 'ह्या लोकांना' हे वाक्य त्याला जिन्यात ऐकू आलं ते आलंच. त्याने ते ऐकून घेतलं. पुढे तो दोन हजार दोन की तीन साली निवृत्त झाला, तोवर भोकांची कार्डं जाऊन टेबलावर बसणारे कॉम्प्युटर आले होते. नवीन पोरं त्याला विचारायची, काढलेले नंबर पहिल्याच पानावर कशाला मांडता, लोक शेवटी टाकतात. तो सांगायचा, शेवटचं पान कोणी उलटत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या बैठकीच्या दिवशी दुपार झाली आणि चंद्रभान यंत्रखोलीत येऊन बसला. डबा समोर होता, उघडला नव्हता. दारात सावली पडली. देवाजी होता, हातात रुजू होण्याचं पत्र आणि आपला डबा. तो नेहमीच्या जागी खाली बसला, डब्याचं झाकण काढलं, ते बाजूला ठेवलं, पण भाकरी मोडली नाही. रागावलेला दिसत नव्हता. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

"चूक झाली ते समजलं बाप्पा," तो म्हणाला. "चूक कोनाले होत नाही? जागेची भीती होती, ते बी समजलं. पन एक समजत नाही. सहा महिने माह्या ताटात हात घालून जेवला तू. मी रोज विचारत होतो, मी कोठी चुकलो. तवा एका शब्दानं सांगितलं काहून नाही गा?"

चंद्रभानने त्याच्याकडे पाहिलं नाही. पण जे बोलला ते जसंच्या तसं देवाजीने पुढे कित्येकांना सांगितलं, आणि ते असं होतं:

"काका, तुमी मशीनवर संशय घेतला असता, नाहीतं माह्यावर घेतला असता, तं मी त्याच दिवशी सांगून टाकलं असतं. तुमी सोतावरच घेत गेले, अन् मले ते बरं वाटत गेलं."